टेम्पोवरचं लिंबू

रविवार, संध्याकाळ. हिंगणघाट.

आज चर्चमध्ये संदेष्ट्याचं भाकीत वाचलं. त्या दिवशी माणूस आपल्या मूर्ती चिचुंद्र्या-वटवाघळांपुढे टाकून देईल. घरी येताच हे सासूबाईंचा देव्हारा उचलायला निघाले. सासूबाई अजून तिथंच हात जोडतात. मी आडवी आले.

"तू काऊन मधात येऊन राह्यली?"

"वचनात आपल्या मूर्ती म्हटलं, मायच्या नाई. तुमच्या भाजीच्या टेम्पोले लिंबू-मिरची कोणी बांधली?"

"ते धंद्याचं आहे."

धंद्याचं म्हणे. मीही येशूलाच मानते, पण म्हातारीचा देव हिसकणं ही कसली भक्ती? खिडकीतून पाहिलं, लिंबू लटकूनच आहे. देव्हाऱ्यापुढे बसूनच लिहितेय. आधी ते लिंबू सोडा म्हणावं. सोडलं तरी इथं हात लावू देणार नाहीच.