दोन वड्यांची जाळी

प्रिय,

हा शब्द पोरीच्या वहीतल्या नमुन्याच्या पत्रात पहिला होता, म्हणून घातला. मनावर घेऊ नकोस. आणि चौदा वर्षं अहो-जाहो केलं, ते तू त्या बाईकडे राहायला गेलास त्या दिवशी संपलं.

तुझे मासे मेले. सगळे. तुझा लाडका पिवळा काल दुपारी गेला, पोट वर करून.

कसे मेले ते ऐक. खाऱ्या पाण्याच्या टाकीला तू ती जाळी बसवलीस. तिच्यावर दिवा, वरून पाण्याची धार. शेवाळ टाकीत न वाढता जाळीवर वाढतं, आणि तू दर रविवारी येऊन ते खरवडतोस. केवढी जाळी घ्यायची म्हणून टेप लावून टाकी मोजत बसला होतास, जसा काही तिला झगाच शिवायचा होता. सोमवारी मी दुकानात गेले तर दुकानदार हसला. म्हणाला, वहिनी, टाकी केवढी ते राहू द्या, रोज खाऊ किती घालता ते बोला. गोठवलेल्या खाऊच्या एका वडीला तळव्याएवढी जाळी लागते. तुमची दोन वड्या झेलेल, वर घातलंत तर पाणी नासेल. मोठी देऊ? मी म्हटलं, जाळी राहू दे, वड्या दे.

रोज आठ घातल्या.

गेल्या रविवारी पोर इस्त्रीचा फ्रॉक घालून टाकीपाशी उभी होती, डावा हात प्लास्टरमध्ये. शाळेच्या जिन्यावरून कशी पडले ते बाबांना सांगायचं म्हणून सकाळपासून घोकत होती. तू म्हणालास, सरक, उजेड अडतोय. तासभर माशांशी लाडेलाडे बोललास आणि गेलास. प्लास्टर तुला दिसलंच नाही.

टाकी आज भंगारवाल्याने नेली. पोर रडली, मग नाक पुसून म्हणाली, बाबा तरी येतील ना? मी हे पत्र लिहायला घेतलं. तुला कळवतेय हे तिला ठाऊक नाही. पत्र माणसाच्या हाती तुझ्या हापिसात पाठवतेय, मिळालं नाही म्हणायला जागा नको. रविवारी दहाला ती दारात बसेल. तिच्याशिवाय इथे बघायला आता काही नाही, हे कळूनही आलास तर ये. नाही आलास तर तिला काय ते एकदाच कळेल. दर रविवारी थोडं थोडं नको.

तुझी कोणीही नसलेली,
पोरीची आई