बर्फातलं बोरन्हाण

१० जानेवारी १९७६, शनिवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सुनूने नाही जागवलं, ती दहा महिन्यांची पोर गाढ झोपली होती. जागवलं मनोहर भावजींनी. ते मात्र आपल्या घरी घोरत असतील!

काल जेवायला आले होते. हे आणि भावजी इथे कलकत्त्यात एकाच ऑफिसात. दरवर्षी थंडीत दोघं ह्यांच्या गाडीतून गंगटोकच्या वर बर्फात जाऊन येतात. मी आपली समजायची — जातात, बर्फ बघतात, येतात. काल भावजी आमटी ओरपत म्हणाले, "वहिनी, गेल्या वर्षी तुमचं कुंकू अगदी थोडक्यात वाचलं बरं का! पुढचं चाक दरीवर. हवेत नुसतं गरगर फिरतंय!" आणि हसले. हे पण हसले. मी वाढत होते, आमटी ताटाबाहेर गेली. तर हे म्हणतात — "अगं, लक्ष कुठं आहे तुझं?"

दरीत होतं लक्ष!

वर्षभर मला पत्ता नाही. मला काय सांगितलं होतं, तर "गाडीला जरा चरा गेलाय." चरा म्हणे!

रात्रभर ते चाक माझ्या डोक्यावर फिरत राहिलं. थंडी म्हणून पंखा बंद, पण चाक चालू. आणि जाताना भावजी काय म्हणाले? "यंदा पण जाऊच."

११ जानेवारी, रविवार

हे सकाळपासून गाडी पुसतायत. सुनूला जरा धरा म्हटलं तर पाठ दुखते. गाडीखाली लोळताना दुखत नाही.

हिरवी आहे, दोन माणसांची. कोणी चहाच्या मळ्यातला साहेब विलायतेला परत गेला, जाताना ही ब्याद ह्यांच्या गळ्यात बांधून गेला. मुळातच बुटकी. ह्यांना वाटलं, अजून बुटकी पाहिजे. मल्लिकबाजारात मोटारवाल्या मिस्त्र्याकडे नेऊन तिच्या स्प्रिंगा कापून आणल्या. कशाला? तर "रस्ता धरून चालते." धरूनच चालते — पोटाने! रासबिहारीला ट्रामचे रूळ ओलांडताना खालून असं काही खरवडतं की ट्राममधली माणसं वाकून बघतात. पावसाळ्यात गल्लीत घोटाभर पाणी आलं की हिला नाकातोंडात. आमचा दरवान म्हणतो, "बहूजी, साहब का गाड़ी माटी खाता है." खरं बोलणारा एवढा एकच माणूस आहे ह्या इमारतीत.

तिच्यात बसायचं म्हणजे बसायचं नसतं, निजायचं असतं. साडी गोळा करायची, देवाचं नाव घ्यायचं आणि आत पडायचं. बाहेर काढायला कोणीतरी ओढावं लागतं. सिग्नलला थांबलं की रस्त्यावरचं कुत्रं आपल्या डोळ्यात डोळा घालून बघतं.

आणि ही बर्फात! बर्फात लोक चाकांना साखळ्या लावतात, म्हणजे घसरत नाही. हिला लागत नाहीत, असं हे ऐटीत सांगतात. लागत नाहीत म्हणजे लावताच येत नाहीत! इतकी खाली केलीय की चाकावर बोट शिरत नाही, साखळी कुठली शिरणार. मग काय, तर ही पोटाने बर्फ ढकलत ढकलत जाते. म्हणजे फावडं की हो! फावड्याला कोणी दर रविवारी पॉलिश करतं का?

१३ जानेवारी

देवापुढे दिवा लावून म्हटलं, यंदा तिकडे बर्फच पडू देऊ नकोस. देव काही बोलायच्या आत लोडशेडिंग झालं.

१६ जानेवारी, शुक्रवार

काय करून बसले आज! माझ्या जिभेला हाड नाही.

महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू होतं. प्रेमलताबाई मधोमध बसलेल्या. त्यांच्या तीन पिढ्या कलकत्त्यात, मराठी बोलतात पण शेपूट बंगाली. मला म्हणाल्या, "सरोज, मुलीचं पहिलं बोरन्हाण ना गो यंदा? कधी करणार?"

मी चिडलेलीच होते. मनोहर भावजींच्या वृंदा वहिनी शेजारी बसलेल्या. म्हटलं, आता ह्यांच्या कानावर जाईल असं काहीतरी बोलावं, जरा लाज वाटेल. मी म्हणाले, "आमच्याकडे चुरमुरे-बोरं कुठली चालायला! साहेबांची मुलगी ती. तिला गंगटोकच्या वर न्या, काळं झबलं घाला आणि डोक्यावरून बर्फच ओता!"

मला वाटलं बायका म्हणतील, अगंबाई, काय तो वेडा माणूस. बोरन्हाण करतात कशाला? तर पोराला थंडी-वारा बाधू नये म्हणून! एवढं तर कोणाला कळेल. पण नाही. प्रेमलताबाईंनी टाळीच वाजवली — "की शुंदोर! अगो, कलकत्त्यात आजवर कोणाच्या मुलीचं असं झालं नाही गो!"

आणि मग सगळ्याच सुरू. कोणी हलव्याचे दागिने करून देणार. कोणी म्हणे फोटो काढा. वृंदा वहिनी म्हणाल्या, "आम्ही पण येतो आमच्या अँबॅसडरमधून!"

मी "अहो, मी टोमणा मारला," असं म्हटलं. ऐकतंय कोण! हशा. "सरोज फार गमतीशीर बाई."

१७ जानेवारी

हे ऑफिसातून आले ते उड्या मारतच. "अगं, तू तर माझ्या वरताण निघालीस! मला सुचलं नसतं!"

म्हटलं, मी टोचून बोलले होते.

"हो, पण बोललीस ना?"

कॅलेंडर काढून बसले. तेवीसला शुक्रवार, नेताजींच्या जन्मदिवसाची सुट्टी. सव्वीसला सोमवार, तीही सुट्टी. मधल्या शनिवारी रजा. सगळं जुळून आलं म्हणे. माझ्या लग्नाला मुहूर्त काढताना इतकं जुळलं नव्हतं.

फोर्ट विल्यममधले मेजर दिगंबर म्हणजे ह्यांचे पत्त्यांच्या डावातले सोबती. वरचा रस्ता लष्कराचा, त्यांच्या ओळखीने परवानगी निघते. ती पण निघाली! आमच्या नळाची तक्रार सहा महिने पडून आहे, पण पोरीला बर्फात घालायची परवानगी एका दिवसात.

१८ जानेवारी, रविवार

दत्तादादाला निरोप धाडला होता. हावड्याहून धावत आला. फिटर आहे तिथल्या कारखान्यात, लग्नाआधी मी त्याच्याजवळच राहायची. जिन्यातच ओरडला, "दहा महिन्यांचं पोर घेऊन? डोकी ठिकाणावर आहेत का? मी आडवा पडतो गाडीपुढं!" मला बरं वाटलं. हे माहेर!

ह्यांनी काय करावं? चिडले नाहीत, काही नाही. "दत्तोबा, आधी गाडीत बसून तर बघा." घेऊन गेले मैदानाभोवती फिरवायला.

दादा परत आला तो केस विस्कटलेले आणि तोंड हे एवढं पसरलेलं. "सरू, गाडी मात्र काय आहे गं! वळते कशी, लोण्यातून सुरी!"

माझ्या मनात आलं, दादा, तू पड आता गाडीपुढं. तिच्याखाली जाणार नाहीस तू, तेवढी जागाच नाही. तुला ढकलत गंगटोकला नेईल.

दोन वाट्या शिरा खाऊन गेला. दारात मात्र थांबला, सुनूच्या डोक्यावरून हात फिरवला. हळूच म्हणाला, "पोचल्यावर कारखान्याच्या गेटवर फोन कर. ते मला बोलावतात." मी मान हलवली.

२० जानेवारी

एस्प्लनेडला जाऊन सुनूला माकडटोपी आणली. ह्या गावात जरा गार वारा सुटला की म्हातारे-कोतारे सगळे माकडटोपीत. इथे कोणालाही थंडी म्हटली की धडकी भरते. आमच्याच घरात नाही.

प्रेमलताबाईंनी हलव्याचे दागिने पाठवले. मुकुट, हार, बिंदल्या. इतकं नाजूक काम की हात लावायला भीती वाटते. बघून वाटलं, बाई, एवढं जीव लावून केलंत, तर मला एकदा "जाऊ नकोस" म्हणायला काय झालं होतं?

२१ जानेवारी, बुधवार

आज टोमणे नाहीत, सरळ सांगितलं. "मला भीती वाटते. मी येत नाही. सुनूही येणार नाही."

हे जेवत होते. शांतपणे म्हणाले, "तू नको येऊस. सुनूला वृंदा वहिनी मांडीवर घेतील. बोलणं झालंय माझं."

बोलणं झालंय! म्हणजे माझ्या मांडीची बदली पण ठरली.

मी म्हटलं, "आणि चाक परत दरीवर गेलं तर?"

"अगं, तेव्हा स्प्रिंगा नुकत्याच कापलेल्या, हाताला सवय नव्हती. आता मला ती गाडी हातासारखी कळते." मग जरा थांबून म्हणाले, "मंडळात सगळ्यांना सांगून झालंय, सरोज. आता नाही गेलो तर कसं दिसेल?"

आत्ता कळलं. बर्फाची नाही, प्रेमलताबाईंची भीती आहे ह्यांना. आणि सांगायला मीच गेले होते ना!

मला काय, चौथी पास बाईला. पण एवढं कळतं — पोर जाणार असेल तर माझ्या मांडीवर जाईल. दुसऱ्या कोणाच्या नाही.

२२ जानेवारी

सामान बांधलं. गाडीत जागा नाही, म्हणून ह्यांनी सुनूचे लंगोट कमी करायला सांगितले. गाडीच्या पॉलिशचा डबा राहिला आत.

ही वही घेते बरोबर. ह्यांच्याशी बोलून उपयोग नाही, हिच्याशी तरी बोलेन.

२३ जानेवारी, मालदा

पहाटे निघालो. कृष्णनगरच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दर खड्ड्याला गाडी आपटते, दर आपटण्याला हे "सॉरी" म्हणतात. मला नाही, गाडीला.

फराक्क्याच्या नव्या पुलावर सुनू हसली. खाली केवढी ती गंगा! मी हात जोडले. हे म्हणाले, "बघ, पोरीला गाडी आवडते." पोरीला नदी आवडली, पण असो.

मालद्यात भावजींची अँबॅसडर बिघडली. भावजी बॉनेट उघडून आत बघून म्हणाले, "नाही रे, हिला परत न्यायला पाहिजे. तुम्ही व्हा पुढे." वृंदा वहिनी माझ्याकडे बघेनात. त्यांची गाडी चांगली ठणठणीत होती. भावजी शहाणे, दरीवरचं चाक बघून आलेत ते. गाडी बिघडायला काय लागतं? मनात आणलं की बिघडते.

म्हटलं, आपली पण बिघडवा ना. ह्यांना विनोद वाटला.

२४ जानेवारी, गंगटोक

सिक्कीमच्या हद्दीवर, रंगपोच्या चौकीवर आडवा दांडा असतो. शिपाई तो वर करायला उठला, गाडीकडे बघितलं आणि परत बसला. हाताने खूण केली, जा खालून! सगळे पोट धरून हसले. हे पण. मी पण हसले खरं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

इथे थंडी अशी की दात वाजतात. सुनूला जवळ घेऊन शेगडीशी बसलेय. हॉटेलवाला भला माणूस. ह्यांना हिंदीत सांगत होता, काल वर खूप बर्फ पडलाय, जीपगाड्याच जातायत, त्याही साखळ्या लावून. "बच्चे को मत ले जाइए साहब." ह्यांनी मेजरसाहेबांचा कागद काढून दाखवला. हॉटेलवाल्याने कागद वाचला, परत घडी घातली आणि म्हणाला, "यह कागज आपने बरफ को दिखाया?"

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

हे खोलीत येऊन बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे. वळून म्हणाले, "थोडंच वर जाऊ. फोटोपुरतं."

२५ जानेवारी, गाडीत

बोरन्हाण झालं नाही. वळणावर गाडी पोटाने बर्फावर बसली. चाकं फिरतात, जमीन लागत नाही. हे वर चौकीवरून जवान आणायला गेले. "इथंच बस, आत्ता आलो." तेव्हा ऊन होतं. आता बर्फ असा पडतोय की काचेपुढचं काही दिसत नाही. किती हाका मारल्या. ओ नाही.

सुनू रडायची थांबलीय. डोळे उघडे आहेत पण दूध घेत नाही. तिला माझ्या पोलक्याच्या आत, अंगाला लावून बांधलंय. खालून लॉरीचा भोंगा ऐकू आला, पुन्हा एकदा आला. मी इथे बसणार नाही. ही वही सीटवर ठेवते आणि डोंगराचा हात धरून खाली जाते.

वाचणाऱ्यांनी — माझ्या मालकांचं नाव श्यामसुंदर केळकर. अंगात तपकिरी कोट. वर गेलेत, त्यांना शोधा. आणि हावड्याला माझ्या भावाला फोन करा. दत्तात्रय पेंढारकर. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आहे. सांगा, सरू गाडीत थांबली नाही. सुनू तिच्याजवळ आहे.