शांतेचं भाषण, माझा शब्द

ता. २२ जानेवारी. देऊळघाट.
घरच्यांची हालहवाल घेतल्याशिवाय दौत उघडायची नाही, हा माझा नेम. म्हातारीचे गुडघे: बरे आहेत म्हणते, चालताना पाहिलं तर तसं दिसत नाही. सूनबाई: डोकं दुखायचं थांबलं. ढवळ्याचा खूर: हळद-तेल चालू, आज टेकवला. दोस्त हुसेनभाईचा खोकला: तसाच. कापूस पिंजणाऱ्याच्या छातीत कापूसच बसणार. म्हणतो, "घरचाच माल हाय बाप्पा, बाहेर काऊन काढू?"
शांता: अमरावतीहून कार्ड. तब्येत ठीक. कॉलेजचं स्नेहसंमेलन आहे, वादसभेत ती बोलणार, आबा तुम्ही याच.
लेक गेला तेव्हापासून या नातीचा बाप मीच, आजाही मीच. गावातून कॉलेजात गेलेली पहिली पोट्टी. मी स्वतः दुकानांच्या पाट्या अन् किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेला. कॉलेजात जाऊन बसू कुठं?
म्हातारी म्हणाली, "बसाचं मंग पहा. धोतर कोन्तं नेसता थे सांगा."
मेहकरचे विठ्ठलराव पुन्हा निरोप धाडून आहेत. त्यांच्या मुलासाठी, माधवासाठी, शांता मागतात. सू.बाईचा, पोरीच्या आईचा, जीव तिकडे. मी नेहमीसारखं, पोरीचं शिक्षण होऊ द्या.

ता. २६ जाने. अमरावती.
मलकापूरपर्यंत मोटार, पुढे रेल्वे. अंग खिळखिळं. पण काय पाहिलं!
कॉलेजच्या ओसरीत एक फळी. तिच्यावर नुसते कागद टाचलेले. नाटक मंडळ. वाङ्मय मंडळ. वादसभा. गिर्यारोहण का काय ते. इथं पाच पोट्टे जमले की मंडळ, अन् मंडळ झालं की चिटणीस. आमच्या गावात पाच जण जमले की भांडण.
भांडणही पाहिलं. नाटक मंडळाच्या चिटणिसाची निवड. ढोल, घोषणा, टोप्या हवेत. वाटलं आता डोकी फुटतात. निकाल लागला अन् पडलेल्या पोट्ट्यानं निवडून आलेल्याला खांद्यावर घेतलं, चहाच्या दुकानापर्यंत नाचत नेलं. मी उभाच राहिलो. आमच्याकडे पोळ्याला कोणाचा बैल पुढं यावरून दोन भाऊ अजून एकमेकांच्या दारचं पाणी पीत नाहीत.
पोरी थोड्या. पण चालतात कशा, जशी जमीन त्यांचीही आहे.
शां. सगळ्यांना सांगत होती, "हे माझे आबा." एकजण पाया पडला. कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, विचारायचं सुचलंच नाही. आता लिहिताना सुचलं.

ता. २७ जाने.
वादसभा. हे नीट लिहून ठेवतो.
मोठा दिवाणखाना, गच्च. अध्यक्ष सुरुवातीला बराच वेळ इंग्रजीत बोलले, मला काही कळलं नाही. मग मराठी सुरू. विषय: मुलींनी कॉलेजात शिकावं की शिकू नये. एका पोट्ट्यानं शिकावं म्हणून फार गोड सांगितलं. मी मान डोलावली. नंतर शांता उठली.
म्हणाली, शिकू नये.
आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पण ती बोलतच गेली. म्हणाली, "शिकलेली मुलगी सुट्टीत घरी येते तेव्हा आई तिला पहिलं ताट वाढते, पाहुणीला वाढावं तसं. विहिरीवरच्या बाया तिला पाहून बोलणं बदलतात. आजोबा तिला हाक मारण्याआधी क्षणभर थांबतात. घरानं तिला घालवलं नाही, तीही घर सोडून गेली नाही, तरी दोघं एकमेकांना हरवून बसली. ही किंमत कोणी मोजायची?"
दिवाळीत सू.बाईनं पहिलं ताट तिलाच वाढलं होतं. आणि मी थांबतो. खरंच थांबतो. हिनं हे पाहिलं केव्हा?
मग टाळ्या. छप्पर उडतं की काय असं वाटलं. माझी एवढीशी पोट्टी, अन् तिच्या मुठीत एवढी माणसं. देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं झालं मला.
बाहेर मैत्रिणींच्या गराड्यातून धावत आली. "कसं झालं आबा?"
"लय चांगलं. मले समजलं व माय सारं."
ती हसली. गाडीची वेळ झाली होती. रेल्वेत खिडकीकडे तोंड करून बसलो. पोरगी आत कुढत होती अन् मी तिच्या शिक्षणाच्या बढाया मारत फिरत होतो.

ता. ३१ जाने. देऊळघाट.
मेहकरला जाऊन आलो. विठ्ठलरावांच्या ओसरीवर चार माणसांत शब्द दिला. चैत्रात लग्न. सुपारी फुटली, गूळ वाटला. माधव कापडाच्या दुकानात होता, दुरून नमस्कार झाला. मुलगा सालस दिसतो.
घरी सू.बाई देवापुढे बसून रडली. आनंदानं. शां.ला पत्र टाकलं: तुझ्या मनातलं ओळखलं, तसंच केलं. आता परीक्षा देऊन घरीच ये, पुढच्या वर्षी कॉलेजात नाव घालू नको.

ता. ५ फेब्रुवारी.
शांता आली. एकटीच, मोटारीनं. पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही.
"आबा, काय करून ठेवलं हे?"
"तूच तं बोलली न व. भर सभेत."
"थे तं चिठ्ठी निघाली व्हती आबा! वादसभेत चिठ्ठ्या टाकतात. जी बाजू निघन ती मांडाची. मनातली नाही."
मी म्हटलं, मनात नाही ते माणूस एवढ्या जोरानं बोलेल कसं? माझ्या जन्मात ऐकलं नाही. तोंडातून गेलं तो शब्द. शब्द म्हणजे माणूस.
हु.भाई दारातच उभा होता. हसून हसून खोकला उसळला. "अबे, वकील रोज हेच करते कचेरीत! अन् तू रेल्वेत रडत आला?"
सू.बाई हसली नाही. "दिला शब्द फिरवसान तं पोरीले मंग पत्करन कोण?"
मी शांतेला एवढंच विचारलं, "पन ताटाचं, थे हाक मारतानीचं? थेही चिठ्ठीतलं?"
मग म्हणाली, "वाक्यं माझीच व्हती आबा. बाजू माझी नव्हती."
हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरून राह्यलं आहे.

ता. ६ फेब्रु.
सकाळची भाकरी मुक्यानं वाढली गेली. शेवटी शांताच म्हणाली, "आबा, अंगणात बसा. आपून वादसभा घेऊ. मी मेहकरवाल्यांची बाजू मांडीन, तुमी माझी."
"काहून? मले येते का थे?"
"मले तरी कुठं येत व्हतं?"
हु.भाई अध्यक्ष. बोलणाऱ्याची वेळ संपली की त्यानं कापूस पिंजायच्या धनुकलीची तार छेडायची. म्हातारी अन् सू.बाई उंबऱ्यात. शेजारची दोन माणसं कुडावरून डोकावत.
शां. पहिली. मेहकरकडून काय बोलली! आम्ही चार माणसांत गूळ खाल्ला, आता गावात तोंड कसं दाखवावं? आमच्या घरानं असं काय कमी केलं? ऐकून मलाच विठ्ठलरावांची दया आली.
मग मी. "अध्यक्ष महाराज" म्हटल्यावर म्हातारी फिसकन हसली. पण बोलायला लागलो अन् कुठून कुठून येत गेलं. म्हटलं, ताट पहिलं वाढलं तर चूक ताटाची नाही, आपल्याला एकत्र बसायची सवय नाही म्हणून तसं होतं. म्हटलं, मी हाक मारताना थांबतो ते परकेपणानं नाही. हिच्याएवढ्या मोठ्या माणसाला हाक मारताना छाती भरते, म्हणून थांबतो. हे मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो. दुसऱ्याची बाजू घेऊन उभं राहिल्यावर तोंडातून निघालं.
तार वाजली. हु.भाईनं निकाल दिलाच नाही. डोळे पुसत होता, म्हणे कापूस गेला.
तेव्हा सू.बाई उंबऱ्यातून बोलली, कधी नव्हे ते बाहेरच्या माणसांसमोर, "दोघंही लय बोलले. पन त्या माधवले कोनं इचारलं का?"
कोणी विचारलं नव्हतं. मी नाही, विठ्ठलरावांनी नसेलच. शां. तिच्या आईकडे अशी पाहत राहिली, जसा मी दिवाणखान्यात तिच्याकडे पाहत होतो.

ता. ८ फेब्रु.
शां. सकाळच्या मोटारीनं परत गेली. जाताना म्हणाली, "नाव घालू का आबा, पुढच्या साली?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शब्द आता तोलून काढायचा. मोटारीपर्यंत सू.बाई स्वतः सोडायला गेली.

ता. ९ फेब्रु.
आज मेहकरला दोन पत्रं टाकली. विठ्ठलरावांना निराळं, त्यांच्या पायाशी माफी मागून. हे माधवाला. मजकूर उतरवून ठेवतो.
"चि. माधवराव यांस आशीर्वाद. चूक माझी आहे, पोरीची नाही. ती शिकीन म्हणते, अजून दोन वर्षं. तुमच्या वडिलांना दिलेला शब्द मी मोडत नाही, पण तुमच्या अंगावर लादतही नाही. थांबता येईल का? नसेल तर तसं लिहा, मी येऊन तुमच्या ओसरीवर चार माणसांत हात जोडीन. आणि आणखी एक. शिकलेली बायको घरात आली तर तिला पहिलं ताट वाढाल, की सोबत बसून जेवाल, हेही मनातलं कळवा. कोणी सांगितलेलं नको, तुमचं तुम्ही लिहा. इकडे सगळे वाट पाहून आहेत. उलट टपाली उत्तर धाडावं."