आरामात झोपलेला माणूस

३ मार्च
आजपासून पाठ दुखणं बंद. दोन वर्षं लाड केले, आता बास. चोवीस वर्षांच्या माणसाला पाठ असते ती शर्ट अडकवायला. सकाळी थोडी कुरकुरली, पण ती कालची उरलेली होती. धरत नाही.

४ मार्च, सकाळ
उठलो. आधी कूस, मग गुडघे, मग भिंत. लंबू बघत होता. एकाच खोलीत राहतो आम्ही, गोदामात गाद्याही एकत्रच उचलतो. म्हणाला, उलटं पडलेलं कासव असंच करतं. मी म्हटलं, व्यायाम आहे हा.
दुपारपर्यंत गाद्या वाहिल्या की अंग मोकळं होतं. दुखणं असतं तर कामाने वाढलं असतं ना? म्हणजे दुखणं नाहीच. साधं लॉजिक. डॉक्टर लोक उगाच एवढी वर्षं शिकतात.

७ मार्च
आईचा फोन. मी फरशीवर उताणा. आवाज असा चपटा का येतोय, विचारलं. म्हटलं, रेंज. पाठ कशी आहे? म्हटलं, कुठली पाठ? खूश झाली. या वयात कसली पाठ दुखते, हे तिचं पहिल्यापासूनचं मत. माय-लेकांचं एकमत झालं की घर कसं सुखी राहतं.

११ मार्च
नशीब उघडलं! दुकानात पाठदुखीवरची नवी गादी आलीय. रविवारी काचेमागे तिच्यावर झोपून दाखवायला मॅनेजरला पोरगा हवाय. तरुण, हसरा. जमलं तर गोदाम सुटलं, कायमचा सेल्समन. घामाशिवाय शर्ट! दुखणं वगैरे काही, त्याने विचारलं. मी जागेवर उडी मारून दाखवली. खाली येताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मॅनेजर म्हणाला, याला म्हणतात एनर्जी.
लंबू म्हणतो, पडून राहिलास की तुझा ओंडका होतो, विसरलास का. जळतो बिचारा.

१३ मार्च
प्रॅक्टिस. डोळे मिटून हसायचं. लंबूच्या मते प्रेत खूश दिसतंय. संकल्प : दात कमी दाखवायचे. ओंडक्याचा विचार करायचा नाही.

१५ मार्च, सकाळ
निळा नाइटसूट मिळाला. इस्त्रीचा! आज झोपून नाव काढणार.

१५ मार्च, संध्याकाळ
सुरुवात तर झकास. पोरं काचेला नाकं लावून उभी. एक बाई विचारत होती, खरा आहे का मेणाचा. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. तासाभराने मॅनेजरने माईकवर जाहीर केलं, आता आमचा तरुण टुणकन उठून दाखवेल.
तरुण उठला नाही.
मनातून मी केव्हाच उठलो होतो. कमरेला निरोप पोचला नव्हता. मॅनेजर पुन्हा टुणकन म्हणाला. मी हसलो, तेवढं पाठ होतं. मग त्यालाच सुचलं. म्हणाला, बघा मंडळी, गादीच अशी की उठवत नाही! टाळ्या. दोन गाद्या तिथल्या तिथे खपल्या. माईक माझ्या उशीशी ठेवून तो पावत्या करायला धावला. सेल्समन झालोच म्हणायचं!
तेवढ्यात काठी टेकत एक आजी काचेमागे आल्या. गादी दाबून बघायच्या निमित्ताने कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाई नको बाळा. कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटा दे. मी रोज अशीच उठते."
मी म्हटलं, "पण आजी, मी चोवीसचा आहे."
"पाठीला कुठे कळतंय ते?"
मग मी बोललो. रोज सकाळी कसं होतं ते, आईला काय सांगतो ते, उडीचंही. सगळं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणी 'या वयात?' म्हणालं नाही, म्हणून वाहवत गेलो. आजींनी काठी धरायला दिली. उभा राहिलो, तर दुकान गप्प. रस्ता गप्प.
माईक चालू होता.
दोन्ही गाद्या परत.

१६ मार्च
काचेमागे पुतळा आणलाय. प्लास्टिकचा, माझ्याच नाइटसूटमध्ये. मॅनेजर म्हणाला, याला उठायचंच नाही. मी परत गोदामात. एक बरं आहे, पुतळ्याला हसता येत नाही. तिथे मीच सरस.
लंबूने आज न विचारता गादीची जड बाजू घेतली. कासव मात्र म्हणालाच.

१७ मार्च
आईला खरं सांगितलं. मग म्हणाली, व्हिडिओ लाव, कसा उठतोस दाखव. दाखवलं. कूस, गुडघे, भिंत. या वयात, असं म्हणाली नाही. फक्त म्हणाली, लंबूला फोन दे. उद्या मला दवाखान्यात नेऊन बसवायचं त्याच्यावर सोपवलंय. माझ्या शब्दाला काही किंमतच राहिली नाही.

१८ मार्च, दवाखाना
बाकावर कधीचा बसलोय. सगळे साठीच्या पुढचे. डॉक्टरांना टुणकन उठून दाखवायचं आणि एका भेटीत विषय संपवायचा, असं ठरवलंय.
माझा नंबर पुकारला.
उठतोय.
अजून उठतोय, म्हणून तर लिहायला वेळ मिळतोय.