शनिवारच्या वर्गाला पुढची खोली

मी, वेदवती अनंतकृष्ण, वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार विजयनगर, म्हैसूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः विचार करून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डोके ठीक आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट मी लिहायची टाळली होती.

१. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. वरचा मजला, तळमजल्याची मागची बाजू आणि बँकेतली ठेव माझा भाचा श्रीवत्स याला द्यावी. तो बेंगळुरूहून दर महिन्याला येतो आणि न सांगता गळका नळ दुरुस्त करून जातो. पुढच्या कलमांवर त्याने वाद घालू नये.

२. तळमजल्याची पुढची खोली, तिथली माझ्या जुन्या शिकवणीची बाके आणि भिंतीवरचा फळा सिंधू हरिहर हिच्या शनिवारच्या वर्गाला द्यावा. वर्ग चालेल तोवर खोली वर्गाची, नंतर श्रीवत्सची. हे मी मोठ्या मनाने देत नाही, हेही नोंदवून ठेवते.

३. कारण लिहिणे भाग आहे.

मी एकतीस वर्षे एकाच हायस्कुलात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले. माझा निकाल कधी नव्वद टक्क्यांखाली आला नाही. सिंधू २००९ साली तिथे शिक्षिका म्हणून आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे साताऱ्याहून म्हैसूरला आलेली, डिप्लोमा झालेली, कारखान्यात तपासणीचे काम केलेली. शनिवारी नववी-दहावीची मुले घेऊन ती हूटगळ्ळीच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, बसमध्ये बसायची. कधी लेथचा कारखाना, कधी छापखाना, कधी रक्त तपासायची लॅब. तिथल्या माणसांना मुलांनी विचारायचे : तुम्ही काय शिकलात, त्यातले रोज काय लागते, इथे यायला काय करावे लागते. सोमवारी सगळे लिहून आणायचे.

तिला कन्नड येत नव्हते. सहा महिन्यांत मुलांनीच शिकवले. मला काही शिकवावे असे मुलांना कधी वाटले नाही. आमच्या घरच्या मराठीत निम्मे कन्नड. तिच्यासमोर बोलताना मी शब्द तपासून बोलू लागले, आणि त्याचाही मला राग आला.

सुप्रीता नावाची मुलगी होती, सरगूरची, आई-वडील शेतीवर, ही इथे वसतिगृहात. गणितात जेमतेम पास. एकदा तिने लोखंडी दांड्याचा तुकडा आणला आणि त्याची जाडी मोजून द्या म्हणाली. व्हर्नियर कॅलिपर मी वीस वर्षे फळ्यावर काढून शिकवत होते. खरा कॅलिपर मुले मोडतील म्हणून कपाटात कुलपात असे. मी तो काढला, मोजले आणि २४.८ मिलिमीटर सांगितले.

ती हळूच म्हणाली, "टीचर, ह्याला झीरो एरर आहे. बंद केला तरी शून्याऐवजी दोन रेघा पुढे दाखवतो. ते वजा करायचं. सिंधू मिसनी सांगितलं, आधी रिकामा बंद करून बघायचा."

हेच मी दरवर्षी शिकवत होते. सूत्र फळ्यावर माझ्याच अक्षरात होते. "इरली, जा," म्हणाले, म्हणजे असू दे. ती गेल्यावर दार लावून बसले. त्या मुलीला ते कळले याचा आनंद मला झाला नाही. ते तिला दुसरीने शिकवले, एवढेच डोक्यात राहिले.

४. २०१२ साली शाळेच्या समितीला 'एक पालक' या सहीचे पत्र गेले : मुलींना तेलकट कारखान्यांतून फिरवतात, परीक्षेचा वेळ जातो, काही झाले तर जबाबदार कोण. ते पत्र मी लिहिले होते. तेव्हा मी मुख्याध्यापिका होते.

समितीने खुलासा मागितला. सिंधूचे लिखित कन्नड कच्चे, म्हणून ती माझ्याकडेच आली. "टीचर, तुम्ही लिहून द्याल का? तुमच्याइतकं नीट कोणाला जमणार नाही." मी लिहून दिले. अक्षर सुंदर, मुद्दा एकही नाही. कोणकोणत्या मुलांना कुठे शिकाऊ उमेदवारी मिळाली, कोण कशाला लागले, हे सगळे तिने सांगितले होते. मी गाळले. वर्ग बंद झाला. सिंधूने शाळा सोडली आणि हूटगळ्ळीत भाड्याच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली वर्ग सुरू केला.

५. शाळेला मी काही देत नाही. २०१४ साली माझ्या निरोप समारंभात पाच माजी विद्यार्थी बोलले. चार जण शनिवारांबद्दल बोलले. शाल माझ्या खांद्यावर होती.

६. सुप्रीता आता एका कारखान्यात मोजमाप विभाग सांभाळते. गेल्या महिन्यात ती घरी आली. गच्चीवर घरमालक मजला चढवतोय, वर्गाला जागा नाही, तुमची पुढची खोली रिकामी असते ना, असे तिने विचारले. मी म्हणाले, बघू. ती सिंधूबद्दल अर्धा तास बोलत होती. त्याच दिवशी हे मृत्युपत्र लिहायला घेतले. माझ्यामागे ते वाचले जाईल, खोलीही मिळेल, कबुलीही होईल, आणि सिंधूचे तोंड मला बघावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

७. सही करण्यापूर्वी जोडलेले कलम. शेजारचे वकील नरसिंहमूर्ती यांनी मसुदा वाचून विचारले, "त्या बाईंना वर्ग इथं आणायचाय का, हे विचारलंत?" म्हणून काल सकाळी सिंधूला बोलावले आणि सगळे वाचून दाखवले, कलम चारसकट.

तिने कागद हातात घेऊन कलम चार स्वतः वाचले. मग म्हणाली, "त्या खुलाशाची प्रत मी अजून जपून ठेवलीय. कोणीतरी माझ्या बाजूनं लिहिलं होतं, म्हणून."

मी माफी मागितली. तिने दिली नाही. दाराशी जाऊन वळली. "तुम्ही गेल्यावर खोली घेऊन मी काय करू? माझी अठरा मुलं आत्ता दहावीत आहेत."

म्हणून कलम दोन आजपासूनच अमलात येत आहे. किल्ली मी काल तिच्या हातात दिली. मधली भिंत पातळ आहे. मुले तिला काय विचारतात ते मला माझ्या खोलीत ऐकू येईल. मला त्रास होईल. तरी भिंत जाड करू नये आणि वर्गाची वेळ माझ्यासाठी बदलू नये.

सही : वेदवती अनंतकृष्ण

वरील सही आम्हा दोघांसमोर झाली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
नरसिंहमूर्ती, वकील, विजयनगर
खंडोजीराव, निवृत्त पोस्टमास्तर, विजयनगर

म्हैसूर, शुक्रवार, १३ जून २०२५