वाळ्यांसकट वजन

वारंगा फाटा,
५ नोव्हेंबर २०२४

ती. कमलआत्यास,
निलमचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा आपलं पोस्टच बरं. निवृत्त झालीस तरी माझी मोठी सिस्टर तूच.

तांड्यावरच्या रुपाला मुलगी झाली, पहिलीच. दोन किलो चारशे. सासू मिराबाई गूळपाण्याची वाटी घेऊन तयारच होती. मी वाटी काढून घेतली आणि लेकरू तासाभरात छातीशी लावलं. मग रोजची कटकट. मिराबाई म्हणायची, पोरगी रडायलासुद्धा दमून राहिली, शेळीचं दूध पाजू द्या. मीही हट्टाला पेटले. रुपाला बजावलं, सहा महिने फक्त तुझंच दूध, कुणी काहीही म्हणो. ती बिचारी माझ्या शब्दाशब्दाला मान डोलावते.

काल पंधराव्या दिवशी झोळीकाट्यावर तोललं. अडीच किलो! मिराबाईची बोलतीच बंद. नात चांदीचे वाळे, कडी, करदोडा घालून नटली होती. चाळीस दिवस ते उतरवले तर नजर लागते म्हणे. ज्या रीतीनं बाळाचं नुकसान नाही तिला हात लावू नये, हे तूच शिकवलंस, म्हणून मी लावला नाही. आज ते सगळे ऊसतोडीला वसमतकडे गेले.

माया आहे तशीच ठेव. रागवायचं झालं तरी पत्रातूनच रागव.
तुझी निलम


वसमत,
९ नोव्हेंबर

चि. निलम हिस अ. आ. व जयभीम.

शाबास. पण सासू म्हणाली लेकरू दमतं, तेव्हा ते पिताना तू बघितलंस का? गिळल्याचा आवाज आला का? दिवसाला लंगोट किती ओले होतात? काट्याचं शेवटी ऐकायचं, आधी आईचं. दोन पानांच्या पत्रात रुपा काय म्हणाली ते कुठंच नाही, सगळं तुझंच भाषण. लहानपणापासून बोलकीच तू.

माझे गुडघे म्हातारे झालेत, जीभ नाही. वेळेवर जेवत जा आणि या म्हातारीला विसरू नको.
तुझी आत्या


वारंगा फाटा,
२६ नोव्हेंबर

ती. आत्यास जयभीम.

हे पत्र वसमतच्या बसमध्ये संतोष कंडक्टरच्या हाती देते आहे. तुझ्या प्रश्नांना मी उत्तर दिलं नाही, कारण लेकरू पिताना मी बघितलंच नव्हतं.

आज तांड्यावर सुदामचं बाळ तोललं. तसेच वाळे, तसाच करदोडा. त्याचे चाळीस दिवस कालच भरले होते, म्हणून आजीनं सगळं उतरवलं. पुन्हा तोललं तर दीडशे ग्रॅम कमी! रुपाच्या मुलीचं वजन वाढलंच नव्हतं, आत्या. जन्मापेक्षा कमी झालं होतं, आणि मी खुशीत तिला उसाच्या फडावर जाऊ दिलं.

तिचा नवरा जगन, त्याचा फोन बंद लागतो. लसीकरणाची मोहीम संपेपर्यंत रजा नाही, असं साहेब म्हणतात. तू शोधशील का? गुडघे ठाऊक असून मागते आहे. मुकादमाचं नाव प्रेमदास.

चुकलेल्या लेकीवरही जीव असू दे.
निलम


वसमत,
२८ नोव्हेंबर

चि. निलम हिस अ. आ.

सापडली. रिक्षानं तीन फड फिरले. वाळे मीच उतरवले, मिराबाई ओरडली तरी. पोरगी दोन किलो शंभर.

रुपा पहाटे फडात जाते ती दुपारी येते. तोवर लेकरू पाचटाच्या कोपीत उपाशी. मिराबाई शेळीचं दूध पाजायला गेली की रुपा हात धरते, म्हणते, निलम सिस्टरनं न्हाई म्हणलं. मी तिला वाटीत दूध पिळायला लावलं, दोन चमचे निघालं. इथल्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलंय, वरचं दूध लागेल म्हणाले. नांदेडला जायला ती तयार झाली, वरच्या दुधाला नाही. चाळीस वर्षं मी बायांना समजावलं, पण ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. रजा मिळो न मिळो, जा.

रीतीची शिकवण माझी होती. सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊ नको. मी आहे.
आत्या


नांदेड,
३० नोव्हेंबर

ती. आत्यास जयभीम.

रजा न मागताच आले. लेकरू काचेच्या पेटीत आहे. आता नळीतून दूध जातंय, दर दोन तासांनी थोडंसं. डॉक्टर शब्द देत नाहीत. प्रशिक्षणाचं सगळं मला पाठ आहे आणि करण्यासारखं काहीच नाही. काचेबाहेर नुसती उभी राहते.

रुपाला सगळं सांगितलं. मी चांदी तोलली, लेकरू नाही. तुझ्या सासूचं खरं होतं, हेही सांगितलं. मिराबाई बाकड्यावर बसून ऐकत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रुपानं कागदावर अंगठा दिला, मग वरचं दूध सुरू झालं.

नंतर मी तिला म्हणाले की दर तीन तासांनी तुझं दूध पिळत राहा, म्हणजे ते आटणार नाही, लेकरू सुधारलं की अंगावर पिईल. तिनं वाटी हातात घेतली आणि विचारलं की सिस्टर, आता सांगून राहिल्या ते तरी बराबर हाय का?

बराबर आहे, आत्या. तूही हेच सांगितलं असतंस. पण माझ्या तोंडून हो निघेना. तेवढी एक ओळ तू लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवते.

आणि मला दूर करू नकोस.
निलम