माहितीची वेलांटी

२० फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

फोनवर बोललं की जबडा ठणकतो, म्हणून लिहितेय. डिसेंबरात तू आलीस तेव्हा काढलेल्या दाढेची जागा दहा आठवडे झाले तरी भरत नाही. शिवलेल्या कपड्यात टाचणी राहून जावी तसं जिभेला काहीतरी टोचतं. दातवाला दरवेळी आत डोकावून म्हणायचा, आजी, वय झालं, वेळ लागणारच. मी त्याची आजी कधीपासून झाले?

काल मोठ्या दवाखान्यात जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणून काही घेता का? म्हटलं, दर सहा महिन्यांनी सुई घेते. बाईंनी हातातला आरसाच खाली ठेवला. ती सुई चालू असताना दाढ काढली तर क्वचित एखादीचं जबड्याचं हाड उघडं पडतं आणि मरायला लागतं म्हणे. त्या एखादीत नेमकी मी! आता गुळण्या आणि गोळ्या. मांस चढलं तर ठीक, नाहीतर जबडा कापावा लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. आधी कळलं असतं तर रूट कॅनाल करून दाढ ठेवता आली असती म्हणाल्या.

मी कापडाला कात्री लावण्याआधी विचारते, हे पाण्यात आटतं का. माझ्या तोंडात हत्यार घालण्याआधी कुणी एक प्रश्न विचारू नये?

लोभ असू दे, जबडा राहो न राहो.

चिडलेली,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. छापखान्यात चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. कागदावरची चूक खोडता येते, ही तुझ्या हाडात आहे. सोबत तक्रारीचा मसुदा पाठवतेय. त्यातला स्वल्पविरामही हलवू नकोस. त्या माणसाच्या टेबलावर ठेव आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाच. वाचताना जबडा दुखला तर तेही त्याला सांग.

राग तुझाही येतोय. एरवी तुझ्या जिभेला हाड नाही. कुठल्या गिऱ्हाइकाची कंबर किती वाढली ते गल्लीभर सांगतेस, आणि खुर्चीत बसल्यावर एवढं सांगता आलं नाही? ती सुई आता बंद. मार्चमधली तारीख माझ्या कॅलेंडरवर होती, ती मी आत्ताच लाल पेनने खोडली.

माझ्यावरचा लोभ तसाच ठेव, त्याच्यावर मात्र काडीचा नको.

तुझी,
वेलांटी


४ मार्च

वेलांटी,

आज आशीर्वाद नाहीत.

मी गेले. मसुदा निम्मा वाचलासुद्धा. ‘साधी चौकशीही न करता’ इथवर आले, तर तो उठला आणि कपाटातून एक कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. माझा चष्मा मशीनवर राहिला म्हणून दाढ काढली त्या दिवशी तू भरलास तो. वर छापलेलं ‘माहीती’ तू खोडून ‘माहिती’ केलंस, समासात खूणही केलीस. खाली प्रश्न होता, दररोज घेत असलेली औषधे. ‘दररोज’खाली तुझी रेघ, आणि पुढे तुझं मोत्यासारखं अक्षर: नाहीत.

बरोबरच आहे. सुई दररोज नसते. तुला वेलांटी दिसली, बहीण दिसली नाही! आणि तारीख तुझ्याच कॅलेंडरवर होती ना?

चार माणसांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दातओठ खावे म्हटलं तर तेही जमत नाही. त्यालाही मी सोडलं नाही. म्हटलं, न भरणारी जखम बघून तरी तोंडाने विचारायचंस. त्याने मान खाली घातली. पण तू?

आणि सुई बंद करणारी तू कोण? हाडांचे डॉक्टर माझ्यावरच ओरडले. मनाने बंद केली तर मणके पिचतील म्हणाले. ते आणि जबड्याच्या बाई मिळून काय ते ठरवतील. तू ते लाल पेन खाली ठेव.

लोभ शोधावा लागेल.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुक माझी आहे.

आणि तुला वाटते त्याहून मोठी आहे. सुई मला आठवली होती, ताई. लिहावी का, असं क्षणभर मनात आलंही. मग म्हटलं, विचारलंय तेवढंच लिहावं. कुणीतरी एक शब्द नेमका वापरलाय म्हणून मला बरं वाटलं होतं, ती रेघ त्यासाठीच. त्या रेघेचा आता इतका संताप येतो की हात तोडून टाकावासा वाटतो.

दातवाल्याला पत्र टाकलंय, तक्रारीचं नाही. ‘दररोज’ काढा आणि लिहा: गोळी, सुई, सलाइन, काहीही, वर्षातून एकदा घेत असाल तरी.

तू हवं तेवढं रागाव, पण लिही. लोभ मागायला मला तोंड नाही.

तुझी,
धाकटी


१७ एप्रिल

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

काल बाईंनी मेलेल्या हाडाचा तुकडा काढला. शर्टाच्या बटणाच्या निम्मा असेल. खालून मांस चढतंय, जबडा बहुतेक राहतोय म्हणाल्या. सुई चुकवायची नाही असं दोघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं, त्याप्रमाणे घेतली. दातवाल्याने तुझ्या शब्दांचा नवा कागद छापलाय. त्यातही ‘माहीती’च आहे. मी राहू दिली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. सुई आठवली होती हे वाचलं तेव्हा पत्र भिंतीवर फेकलं. दोन दिवस ते मशीनखाली पडून होतं. उचललं तेव्हा दिसलं, की ‘चूक’ हाच शब्द तू ऱ्हस्व लिहिलायस. साठ वर्षांत तुझ्या अक्षरात असं कधी पाहिलं नव्हतं. कापडावर खुणा करायच्या खडूने मी तो दीर्घ केला. मग जबडा दुखेपर्यंत रडले.

दोन तारखेला पुन्हा दाखवायचंय. ये. कागद मी भरेन, चष्मा गळ्यात अडकवून. तू मशीनशेजारी बस आणि माझे दोरे दाताने तोडून दे, मला मनाई आहे.

लोभ सापडला. पण भांडण तू आल्यावर करूच.

ताई